उसाचे रोप : कप केवढा घ्यावा?



टिपरीऐवजी एक डोळ्याच्या रोपांची लागण आता पुष्कळ सभासद करू लागले आहेत. बेणे वाचते, नांग्या कमी पडतात, हे खरेच. पण रोपवाटिकेत गेल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच, "रोप कितीला?" ते केवढ्या कपात वाढले नि किती दिवसांचे आहे, हे फारसे कोणी विचारत नाही. पैसा फसतो तो तिथंच.

बाजारात ४२, ५० आणि ७० कपांचे ट्रे मिळतात. ट्रेची लांबी-रुंदी साधारण तीच, म्हणजे कपांची संख्या वाढली की कप लहान झाला. साडेचार फुटी सरी आणि दोन रोपांत दोन फूट अंतर धरले तर एकरी ४,८४० रोपे बसतात. ती ७० च्या ट्रेत घेतली तर ७० ट्रे, ४२ च्या ट्रेत घेतली तर ११६. जागा, कोकोपीट, गाडीभाडे, सगळेच वाढले. म्हणून लहान कपाचे रोप स्वस्त पडते. त्यात रोपवाटिकावाल्याची काही लबाडी नाही.

लहान कप वाईटच असेही नाही. सुरुवातीला कोंब डोळ्याजवळच्या कांडीतल्या साठ्यावर वाढतो, त्याला मोठा कप काय करायचा? उलट मुळांनी न भरलेला कप ओलाच राहतो, मुळं कुजतात, आणि लावताना हुंडी फुटून कोकोपीट हातात येते. मात्र महिना उलटला की लहान कपातली मुळं कडेकडेनं गोल फिरू लागतात. सकाळचे पाणी दुपारपर्यंत टिकत नाही, पाने पिवळी पडतात. असले रोप रानात नेले तरी लवकर मूळ धरत नाही आणि फुटवे निघण्याचे दिवस फुकट जातात.

तेव्हा कप ठरवायचा तो आपल्या रानाकडे बघून. सऱ्या पाडून तयार आहेत, विहिरीचे पाणी हाताशी आहे, तर ७० कपांचे रोप खुशाल घ्यावे आणि २५-३० दिवसांचे असतानाच लावून मोकळे व्हावे. पण सोयाबीन काढून पूर्वहंगामी लागण करायची असेल, किंवा पाटाच्या पाळीवर भिस्त असेल, तर तारीख आपल्या हातात नसते. परतीचा पाऊस आठ दिवस बसला की वाफसा येईपर्यंत पंधरवडा जातो. अशांनी ४२ चाच ट्रे सांगावा. ते रोप ४०-४५ दिवस दम धरते. चार पैसे जास्त जातील, जाऊ द्यात.

नांग्या भरायला शंभर-दोनशे रोपे घरीच ४ बाय ६ इंची पिशवीत पोयटा आणि कुजलेले शेणखत भरून करावीत. ती आणखी थांबू शकतात. पिशवीच्या बुडाशी भोकं मात्र पाडायचीच.

रोप ताब्यात घेताना दोन-चार कपांतून उपसून पाहावे. मुळं पांढरी आणि हुंडी सलग निघाली पाहिजे; तपकिरी मुळांची चुंबळ झालेली असेल तर ते रोप जुने. पाने छाटून जुने रोपही कोवळे दिसते, म्हणून वरवर बघून भागत नाही. आणि आगाऊ पैसे भरताना पावतीवर कपांचा आकडा व डोळे भरल्याची तारीख लिहून घ्यावी.