पुढारी मोजता येतो का?

१९२८ च्या फेब्रुवारीत गुजरातेतल्या बारडोली तालुक्याच्या शेतकऱ्यांनी वल्लभभाई पटेलांना बोलावून घेतलं. मुंबई सरकारने तालुक्याचा शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला होता आणि लोक चिडले होते. बॅरिस्टर असलेल्या वल्लभभाईंनी आधी त्यांचीच उलटतपासणी घेतली. जमिनी जातील, गुरंढोरं जप्त होतील, हे सोसायची तयारी आहे का, हे गावोगावच्या प्रतिनिधींना विचारलं. मग आठवडाभर विचार करायला सांगितलं. दरम्यान गव्हर्नरला पत्र लिहून तडजोडीची वाट मोकळी ठेवली. उत्तर समाधानकारक आलं नाही, तेव्हा १२ फेब्रुवारीला सारा न भरण्याचा सत्याग्रह सुरू झाला.

वल्लभभाईंसारखा चांगला नेता कोणत्या स्वभावगुणांनी घडतो, हा मानसशास्त्राचा जुना प्रश्न. अमेरिकी संशोधक राल्फ स्टॉगडिल यांनी १९४८ मध्ये १२४ अभ्यास चाळले. बुद्धी, जबाबदारीची जाणीव, चिकाटी असे गुण पुन्हा पुन्हा दिसले खरे. पण ते असले म्हणजे माणूस कुठेही नेता ठरतो असं नाही, अनुयायी कोण आणि काम कोणतं यावर ते ठरतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. २००२ मध्ये टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली. नेतृत्वाशी बहिर्मुखतेचा सहसंबंध ०.३१, कर्तव्यदक्षतेचा ०.२८, तर मनमिळाऊपणाचा जेमतेम ०.०८ निघाला. ०.३१ चा वर्ग केला तर माणसामाणसांतल्या फरकाचा दहावा हिस्साच बहिर्मुखतेशी जोडता येतो. शिवाय हा गुण माणसाला पुढे आणायला जितका उपयोगी पडतो, तितका काम तडीस न्यायला पडत नाही.

वल्लभभाई करड्या स्वभावाचे आणि स्पष्टवक्ते. मनमिळाऊपणाच्या त्या आकड्याला त्यांचं उदाहरण शोभून दिसेल. पण माझ्या मते बारडोलीचं खरं रहस्य त्यांनी उभ्या केलेल्या यंत्रणेत आहे. १३७ गावं आणि सुमारे ८७ हजार वस्तीच्या तालुक्यात १३ छावण्या उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीवर एकेक अनुभवी कार्यकर्ता नेमला गेला. रोज निघणारी सत्याग्रह पत्रिका गावोगाव पोचायची. जप्तीवाले येताना दिसले की इशारा व्हायचा आणि दारांना कुलपं लागायची. म्हशी हातच्या जाऊ नयेत म्हणून लोकांनी दिवसचे दिवस स्वतःला त्यांच्यासह घरात कोंडून घेतलं. मिठूबेन पेटिट, भक्तिबा, मणिबेन या कार्यकर्त्यांनी बायकांना सभेला आणलं. कित्येक सभांत पुरुषांपेक्षा बायकाच जास्त दिसू लागल्या. ‘सरदार’ हे नाव वल्लभभाईंना इथेच मिळालं.

हे सगळं सहा महिन्यांत उगवलेलं नव्हतं. कुंवरजी आणि कल्याणजी मेहता हे बंधू कित्येक वर्षं तालुक्यात राबत होते. १९२२ मध्ये गांधीजींनी सविनय कायदेभंगासाठी बारडोलीच निवडली होती; चौरीचौऱ्याच्या हिंसाचारानंतर तो बेत मागे घेतला गेला, तरी आश्रम आणि कार्यकर्ते तिथेच टिकले. वल्लभभाईंच्या गाठीशीही अहमदाबाद नगरपालिकेचा कारभार आणि १९२७ च्या गुजरात पुरातलं मदतकार्य होतं. व्यक्तिमत्त्वाच्या चाचणीत असा अनुभव मोजला जात नाही, ही तिची मोठीच मर्यादा आहे.

सारावाढ अन्यायाची आहे हा शेतकऱ्यांचा दावा खरा का, हेही तपासून घेतलं गेलं. पुण्याच्या भारत सेवक समाजातून हृदयनाथ कुंझरू, ठक्करबाप्पा आणि श्रीधर गणेश वझे तालुक्यात येऊन गेले आणि सारावाढीची फेरचौकशी व्हावी असं त्यांनी जाहीर केलं. ऑगस्टमध्ये तडजोड झाली. पुढे ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या अधिकाऱ्यांच्या चौकशीत २२ टक्क्यांची वाढ सुमारे सहावर आली.

मानसशास्त्रज्ञ ॲलेक्स हॅस्लम आणि स्टीफन रायशर यांच्या मांडणीप्रमाणे नेता हा गटाच्या ‘आपण’चा प्रतिनिधी असतो आणि हा ‘आपण’ तो स्वतः घडवतही असतो. बारडोलीत हिंदूंनी प्रभूच्या आणि मुसलमानांनी खुदाच्या नावाने एकच शपथ घेतली. सारा भरू पाहणाऱ्याला मात्र बहिष्काराचा धाक होता. आणि याच तालुक्यात पाटीदार, अनाविलांच्या शेतांवर पिढ्यान्‌पिढ्या कर्जापायी बांधले गेलेले दुबळा शेतमजूर होते. सारा जमीनमालकांचा होता, तो कमी झाला. दुबळा मजुरांचं वेठीचं जिणं त्या तडजोडीने सुटलं नाही.