धंदा नफ्यात, तरी गल्ला रिकामा. असं का होतं?

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूरच्या पुढचं स्टेशन म्हणजे वांगणी. १७ एप्रिल २०२१ रोजी इथे रुळांवर पडलेल्या लहान मुलाला पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन वाचवलं आणि हे नाव देशभर पोहोचलं. त्या मुलाची आई दृष्टिहीन होती. वांगणीत अशी अनेक दृष्टिहीन कुटुंबं राहतात. त्यातले बरेच जण लोकलमध्ये छोट्या-मोठ्या वस्तू विकून घर चालवतात.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि त्यांची कमाई एका दिवसात बंद झाली. सर्वसामान्यांसाठी लोकल पुन्हा सुरू झाली ती १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही ठरावीक वेळांपुरती. लोकल थांबण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ज्यांचा धंदा नीट चालू होता, त्यांनाही माल भरायला पैसे उरले नाहीत. धंदा तोट्यात जाणं आणि पैसा थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून दिसतं.

नफा आणि रोकड यात फरक काय?

विक्रीतून खर्च वजा केला की उरतो तो नफा. पण हा नफा हातात कधी येतो, हे त्यात दिसत नाही. पैसा कोणत्या तारखेला आला आणि कोणत्या तारखेला गेला, हे सांगतो तो रोकड प्रवाह, म्हणजेच कॅश फ्लो. भाडं, मजुरी आणि हप्ता नफ्यातून नाही, तर त्या दिवशी हातात असलेल्या पैशातून भरावा लागतो.

रोज पैसा येतो, मग अडचण कुठे?

समजा, एका विक्रेत्याने १,००० रुपयांचा माल घेऊन तो १,४०० रुपयांना विकला. त्याची कमाई ४०० रुपये. त्या दिवशी औषधपाण्यामुळे घरात ६०० रुपये खर्च झाले, तर उद्याच्या मालासाठी ८०० रुपयेच उरतात. आता कमाई ४०० ऐवजी ३२० रुपये होईल. यालाच मुद्दल खाणं म्हणतात. रोख धंद्यात उधारी बुडत नाही, पण मुद्दल अशी गुपचूप कमी होत जाते.

लोकलमधल्या विक्रेत्याची अडचण आणखी मोठी आहे. रेल्वे कायद्याच्या कलम १४४ नुसार विनापरवाना डब्यात वस्तू विकणं गुन्हा आहे. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना संरक्षण देणारा २०१४ चा पथविक्रेता कायदा रेल्वेच्या हद्दीत लागू होत नाही. त्यामुळे दंड झाला किंवा लोकल बंद पडली, तर बाजूला ठेवलेले पैसे हाच आधार.

ऑर्डर वाढल्या की पैसा का आटतो?

आता दुसरं टोक. समजा, जवळच्याच उल्हासनगरमध्ये जीन्स शिवणाऱ्या एका छोट्या कारखान्याला दरमहा १ लाखाची ऑर्डर मिळते. कापड, चेन, बटणं, मजुरी, वीज असा ८० हजारांचा खर्च त्याच महिन्यात होतो. बिल महिनाअखेरीस निघतं आणि पैसे ६० दिवसांनी येतात.

पहिले १ लाख हातात येतात तिसऱ्या महिन्याच्या शेवटी. तोवर खिशातून गेलेले असतात २ लाख ४० हजार. कागदावर मात्र ६० हजारांचा नफा दिसतो. ऑर्डर दुप्पट झाली तर ४ लाख ८० हजार लागतील. म्हणजे धंदा वाढला की आधी पैसा कमी पडतो.

त्यात जीएसटी. दरमहा रिटर्न भरणाऱ्याला बिलावरचा कर साधारण पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो, मग ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत.

हिशेब कसा ठेवायचा?

- वहीत चार रकाने आखा: तारीख, येणारे, जाणारे, शिल्लक. पुढच्या आठ ते बारा आठवड्यांचे आकडे भरा.
- ग्राहक देतो म्हणाला ती तारीख लिहू नका. तो एरवी ज्या दिवशी खरंच पैसे देतो, ती लिहा.
- शिल्लक शून्याखाली जाणारा आठवडा आधीच दिसतो. तेव्हाच उधारीची आठवण करा, खरेदी पुढे ढकला किंवा नव्या ऑर्डरवर आगाऊ रक्कम मागा.
- घरखर्चासाठी ठरावीक रक्कम घ्या. मालाचे पैसे वेगळे ठेवा.
- किमान एका महिन्याचा न टळणारा खर्च हळूहळू बाजूला काढा.

उधारी अडकली तर कायदा काय सांगतो?

२००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते, ती मोफत होते. तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन करता येते.

१ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकराचाही धाक आहे. ही मुदत उलटली, तर खरेदीदाराला तो खर्च पैसे चुकते केलेल्या वर्षीच वजा करता येतो. मात्र हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्यांना ते मिळत नाही.

म्हणजे कारखानदाराला निदान दाद मागायला जागा आहे. लोकलमधल्या विक्रेत्याला तीही नाही. म्हणून १,४०० रुपयांच्या विक्रीतले १,००० उद्याच्या मालाचे आहेत, हे रोज संध्याकाळी वेगळं काढून ठेवणं त्याच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं ठरतं.