आकसणारं पेट्रोल, ऐकणारी काच

बारा हजार लिटर पेट्रोल दहा अंशांनी थंड झालं, की त्यातलं शंभर-सव्वाशे लिटर नाहीसं होतं. टाकी गळलेली नसते, कुणी नळी घातलेली नसते. पेट्रोल आकसतं, इतकंच. अंशागणिक हजार लिटरमागे लिटरभर. आणि ऊन चढलं की तेच लिटर परत येतात! तांदळाची पोती मोजून गोदामात टाकली, तर सकाळी तेवढीच सापडतात. इंधनाचा आकडा मात्र रात्रीत हलतो, मग त्याची राखण करायची कशी? चोराच्या तर हे पथ्यावरच पडतं. चार बादल्या त्याने काढायच्या आणि नाव हवामानाचं.

यावरचा तोडगा फार देखणा आहे. आकारमान बदलतं, पण वजन बदलत नाही. म्हणून टँकरच्या चलनावर लिटरच्या जोडीला घनतेचा आकडा असतो, आणि तो १५ अंश सेल्सिअसचा असतो. प्रत्यक्ष माल चंद्रपूरच्या उन्हात मोजा नाहीतर महाबळेश्वरच्या धुक्यात, तुलना करायची ती हिशेबाने १५ अंशांवर आणूनच.

पंपावर टँकर आला की आधी दहा-पंधरा मिनिटं नुसता उभा राहतो; हिंदकळलेला माल स्थिरावायला हवा. मग सीलचे नंबर चलनाशी ताडून सील तोडतात, झाकण उघडतं आणि डिप रॉड आत जातो. कोणत्याही टँकरला कोणताही रॉड चालत नाही. कप्प्यांची मापं वेगळी, म्हणून ज्याचा त्याचा रॉड, वैधमापन खात्याने तपासलेला. तळाशी पाणी आहे का हे पाहायला रॉडच्या टोकाला एक पेस्ट फासतात. पेट्रोलमध्ये ती तशीच राहते. पाणी लागलं, तर जितकं पाणी तितक्या उंचीपर्यंत रंग पालटते. (पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागल्यापासून तिचं काम अवघड झालंय. थोडं पाणी इथेनॉल पोटातच घेतं आणि ते पेस्टला दिसत नाही.) मग काचेच्या उभ्या जारमध्ये नमुना घेतात, त्यात हायड्रोमीटर ही काचेची कांडी सोडतात, थर्मामीटर बुडवतात आणि तक्त्यात बोट फिरवून १५ अंशांची डेन्सिटी काढतात. चलनावरच्या आकड्यापेक्षा घनमीटरमागे ३ किलोहून जास्त फरक आला, तर माल उतरवून घ्यायचा नाही. पेट्रोल ७२० ते ७७५ किलोंच्या दरम्यान, डिझेल ८०० च्या वर, रॉकेल दोघांच्या मध्ये. त्यामुळे पेट्रोलमध्ये रॉकेल शिरलं की तरंगणारी कांडी वर उचलली जाते. ना वीज, ना इंटरनेट. एक पोकळ काचेची कांडी लाखो रुपयांच्या मालाबद्दल साक्ष देते.

आता टँकरांना जीपीएस असतं, इलेक्ट्रॉनिक कुलपं असतात, भलत्याच ढाब्यावर गाडी रेंगाळली की कंट्रोल रूमला कळतं. ठीक आहे. मला जास्त नवल वाटतं ते जमिनीखालच्या पहाऱ्याचं.

मुंबईत माहुलच्या भारत पेट्रोलियमच्या रिफायनरीतून निघालेली पाइपलाइन सह्याद्री चढून मनमाडला पोचते आणि तिथून पार दिल्लीतल्या बिजवासनपर्यंत जाते. अशा पाइपलाइनी शेतांखालून, ओढ्यांखालून शेकडो किलोमीटर पळतात. पायी गस्त घालणारे लाइनमन असतात, पण ते किती पुरे पडणार? पाइपला भोक पडलं की तिथला दाब उतरतो आणि ती उतरती लाट सेकंदाला सुमारे एक किलोमीटर वेगाने दोन्हीकडे धावते. दोन ठाण्यांवर ती पोचण्याच्या वेळेत किती फरक पडला, यावरून भोकाची जागा काढता येते. पण तोवर भोक पडून गेलेलं असतं.

त्याच्याही आधी सावध करते ती काच. पाइपशेजारी त्याच चरात, मुळात निरोपांची ने-आण करायला, ऑप्टिकल फायबर पुरलेली असते. तिच्यात सेकंदाला शेकडो-हजारो वेळा लेसरचे ठोके सोडतात. काच कितीही शुद्ध असली, तरी वाटेत प्रत्येक ठिकाणाहून प्रकाशाचा कणभर अंश मागे विखुरतो. आकाश निळं दिसतं ते याच जातीच्या विखुरण्यामुळे. काचेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे किलोमीटरभर जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा एक लाखावा भाग लागतो. परतीच्या वेळेवरून तो कुठून परतला ते कळतं. आता त्या जागी वर कुणी कुदळ मारली, तर मातीतून कंप उतरतो, काच अणुरेणूंच्या मापाने ताणली जाते आणि नेमक्या तिथूनच येणाऱ्या प्रकाशाची लय बिघडते. कुठेही मायक्रोफोन नाही. पुरलेली काच स्वतःच ऐकते, तेही दहाएक मीटरच्या अचूकतेने! ट्रॅक्टर, रेल्वे, गुरं, हाताने खणणं, प्रत्येकाचा ठेका निराळा. तो संगणकाला शिकवावा लागतो. शिकवणी कच्ची राहिली, तर बिचाऱ्या शेतकऱ्याची नांगरट चोरी ठरते आणि गस्तीची जीप धावत सुटते.

ही सगळी राखण असली, तरी माझ्या मते भेसळीला मोठा लगाम बसला तो भावामुळे. रेशनचं रॉकेल डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त होतं, तेव्हा ओळखू यावं म्हणून निळा रंग घालूनही ते टँकरांत शिरायचं. याच मनमाडजवळ, पानेवाडीला, २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे भेसळीचा संशय येऊन थांबले आणि भरदिवसा त्यांना जिवंत जाळण्यात आलं. पुढे छापे पडले, अटका झाल्या. पण रॉकेलची सवलत हळूहळू आटली आणि धंद्यातली मलईच गेली.

मग हात मारला गेला तो पंपाच्या मीटरवर. आत मापाचं चाक फिरतं, पल्सर नावाचा भाग त्या फिरण्याचे विजेचे ठोके करतो आणि ठोके मोजून पडद्यावर लिटर उमटतात. २०१७ मध्ये आधी उत्तर प्रदेशात आणि मग ठाणे पोलिसांच्या छाप्यांत महाराष्ट्रात असे पंप सापडले, जिथे या मोजणीतच ढवळाढवळ केलेली होती. डिप, डेन्सिटी, सील सगळं चोख, आणि घट फक्त गिऱ्हाइकाच्या टाकीत. ती पकडायला पंपावर पाच लिटरचं शिक्क्याचं माप ठेवलेलं असतं. गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात ओतून दाखवावं लागतं, आणि पाच लिटरला २५ मिलीलिटरपर्यंतचा फरक चालतो.