बड्डे एकाचा, आठवडा साऱ्यांचा

घरात बाविशीची मुलगी असेल आणि तिचा वाढदिवस जवळ आला असेल, तर हल्ली केकच्या आधी वेळापत्रक ठरतं. मंगळवारी रात्री बारा वाजता बिल्डिंगमधले, बुधवारी ऑफिसमधले, शनिवारी कॉलेजचा ग्रुप, रविवारी मामा-मावशी. आई म्हणते, ‘आमच्या वेळी औक्षण, शिरा आणि नवा फ्रॉक, एवढ्यात आटपायचं.’ बाबा काही बोलत नाहीत, पण महिनाअखेरचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. हा ‘बर्थडे वीक’ म्हणजे नुसती थेरं, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्याला कारणही आहे.

चाळीतल्या मुलाची शाळा गल्लीच्या टोकाला असायची, मित्र शेजारच्या खोलीत आणि आत्या दोन स्टेशनं पलीकडे. एका संध्याकाळी सगळे जमायचे. आज डोंबिवलीत राहणाऱ्या मुलीचं कॉलेज माटुंग्याला झालेलं असतं आणि नोकरी ऐरोलीला असते. तिची ही माणसं एकमेकांना ओळखतही नाहीत. त्यांच्या सुट्ट्या जुळत नाहीत, घरी परतायच्या लोकलही वेगळ्या. सगळ्यांना एकत्र आणायचं तर हॉल घ्यायला हवा. त्यापेक्षा प्रत्येक गोतावळ्याला एकेक संध्याकाळ देणं तिला परवडतं.

पंचांगातला आठवडा

वाढदिवस एकाहून जास्त वेळा साजरा करणं आपल्याला नवीनही नाही. तिथीने एकदा आणि तारखेने एकदा, हे अनेक मराठी घरांत चालत आलं आहे. चांद्र महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे बारा महिन्यांचं चांद्र वर्ष 354 दिवसांचं होतं. इंग्रजी वर्षापेक्षा ते 11 दिवसांनी तोकडं. ही तूट अधिक महिना भरून काढतो. 19 वर्षांत असे 7 अधिक महिने येतात आणि दोन्ही कालगणना जवळजवळ पुन्हा जुळतात. म्हणून एकोणिसावं वर्ष पूर्ण होताना तिथी आणि तारीख बहुधा एकाच दिवशी येतात, फार तर एखादा दिवस इकडेतिकडे.

गुढीपाडव्याचंच बघा. 2003 मध्ये पाडवा 2 एप्रिलला होता. त्या दिवशी जन्मलेल्या मुलीला 19 वर्षं झाली तेव्हा, म्हणजे 2022 मध्ये, पाडवा पुन्हा 2 एप्रिललाच आला. तिचा बाविसावा वाढदिवस 2025 चा. त्या वर्षी पाडवा रविवारी, 30 मार्चला होता आणि 2 एप्रिलला बुधवार. पाठोपाठ शनिवार, मग रविवारी रामनवमी. तिथीच्या दिवशी घरी श्रीखंड-पुरी, तारखेला ऑफिसात केक, शनिवारी मित्र! पंचांगानेच तिचा बर्थडे वीक आखून दिला होता. बावीस पूर्ण होताना तिथी तारखेच्या साधारण तीन दिवस आधी येते, त्यामुळे हा योग पाडव्याला जन्मलेल्यांपुरताच नाही.

तबक आणि टेबल

घरच्या दिवसाचा विधी अजून फारसा बदललेला नाही. पाट, भोवती रांगोळी. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. अंगठी ऐनवेळी सापडत नाही म्हणून आईच बोटातली काढून ठेवते. आधी कुंकू, मग डोक्यावर अक्षता, मग अंगठी-सुपारीने ओवाळायचं आणि शेवटी निरांजनाने. जीन्स घातलेली मुलगी पाटावर मांडी घालताना कुरकुरते, पण ओवाळून होईपर्यंत फोनला हात लावत नाही. काही घरांत तीळ-गूळ घातलेलं दूध देतात आणि मार्कंडेयाचं व सात चिरंजीवांचं स्मरण करतात. त्यांच्यासारखं आयुष्य लाभो, हा त्यामागचा भाव.

टेबलावरचा केक मात्र दुरून आला. त्यावर मेणबत्त्या लावल्याचा जुना उल्लेख 1746 मध्ये जर्मनीतल्या एका सरदाराच्या वाढदिवसाचा आहे. आपण म्हणतो त्या गाण्याची चाल अमेरिकेतल्या हिल भगिनींच्या बालवाडी-गीताची, 1893 मध्ये छापलेली. त्याच्या शब्दांवर एका संगीत कंपनीने सांगितलेला हक्क अमेरिकेतल्या न्यायालयाने 2015 मध्ये फेटाळला. तोवर चित्रपटात ते गाणं वापरायचं तर पैसे मोजावे लागत.

रात्री बाराचा केक

सगळ्यात जास्त भानगडी होतात त्या रात्री बाराच्या कार्यक्रमात. पार्किंगमध्ये स्कूटरच्या सीटवर केकचा खोका, पंधरा-वीस जणांचा घोळका आणि कुणाच्या तरी हातात फेसाचा स्प्रे. हा फेस डब्यातून बाहेर फेकण्यासाठी बहुधा स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा ज्वलनशील वायू वापरतात. पेटत्या मेणबत्तीवर फवारा गेला की भडका उडतो आणि समोर असतो तो वाढदिवस असलेल्याचा चेहरा. मेणबत्त्या विझवून बाजूला ठेवल्याशिवाय स्प्रेला हात लावायचा नाही. खरं तर तो आणूच नये.

बाकीचे नियमही माहीत असलेले बरे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर लावायला 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे. भररस्त्यात तलवारीने केक कापणाऱ्यांवर शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल होतात आणि बहुतेक वेळा पुरावा त्यांनी स्वतःच रीलमधून दिलेला असतो. चौकात ‘भाऊं’चा फ्लेक्स लावायलाही पालिकेची परवानगी लागते. आणि 18 व्या वर्षी मताचा हक्क मिळत असला, तरी महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट 21 आहे, इतर मद्यासाठी 25. बाविशीच्या ग्रुपने हे हॉटेलच्या दारात कळण्याआधी घरीच बोलून घ्यावं.

बिल कुणाचं?

आधीच्या पिढीत ज्याचा वाढदिवस, त्याची पार्टी. आता बऱ्याच ग्रुपमध्ये काँट्री काढतात, म्हणजे बाकीच्यांनी आपापलं भरायचं आणि वाढदिवसवाल्याचा वाटा सगळ्यांत वाटून घ्यायचा. यूपीआय 2016 मध्ये आलं, तेव्हापासून ‘सुटे नाहीत’ ही सबब संपली. पण समान वाटणीत खरी अडचण होते ती पगार न मिळवणाऱ्याची. नोकरीला लागलेले चौघे आणि एमपीएससीचा अभ्यास करणारा पाचवा. त्याने फक्त पावभाजी खाल्ली आणि वाटा मात्र सिझलरचा भरला. तो तोंडाने काही म्हणत नाही, पुढच्या वाढदिवसाला ‘काम आहे’ असा मेसेज टाकतो. अशा ग्रुपला टीटीएमएम बरं, तुझं तू आणि माझं मी. हॉटेलच्या बिलात सेवा शुल्क आपोआप लावलं असेल, तर ते ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ती उचलून धरली. नम्रपणे सांगून ती रक्कम काढायला लावता येते.

शहर बघायचं तर

खर्च आवरायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे हॉटेलातली एक संध्याकाळ कमी करून एक दिवस शहर बघणं. लोकलने रोज शहरात येणाऱ्या मुलांनी मुंबई पाहिलेली असते ती स्टेशन ते ऑफिस एवढीच. शनिवारी सकाळी सीएसएमटीला उतरा. धोबीतलावाला 1904 पासून चालू असलेल्या कयानीमध्ये बन-मस्का आणि चहा घ्या. तिथून रमतगमत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. 1922 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. त्याची इमारत आणि दोन वर्षांनी पुरं झालेलं गेटवे ऑफ इंडिया या दोन्हींचा आराखडा जॉर्ज विटेट यांचा. संग्रहालयाचा घुमट पाहून गेटवेला गेलात, तर एकच हात ओळखू येतो.

घारापुरी करायची असेल तर गेटवेहून सकाळची पहिली बोट पकडा. तासाभराचा प्रवास, पुढे पायऱ्यांचा चढ आणि मग लेण्यातली साडेपाच मीटर उंचीची त्रिमूर्ती. लेणी सोमवारी बंद असतात, बोरिवलीची कान्हेरीही, त्यामुळे सोमवारी वाढदिवस आला तर बेत मंगळवारवर ढकला. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद होतात. संध्याकाळी नाटक बघायचं तर जुहूचं पृथ्वी थिएटर आहे. 1978 पासूनचं हे नाट्यगृह छोटं आहे आणि उशिरा येणाऱ्याला आत सोडत नाहीत. डोंबिवली-कल्याणकरांनी नाटक कधी संपतं आणि दादरहून लोकल कधी मिळते, ते आधीच बघून ठेवावं.

तेव्हा आई-बाबांनी आठवड्याच्या नावाने नाक मुरडू नये. सगळ्यांना एका रात्रीत खूश करायला घेतलेल्या हॉलपेक्षा तो स्वस्त पडतो, फक्त एक दिवस आपला म्हणून आधीच सांगून ठेवावा. आणि मुलांनो, दिवस वाढवा, खर्च वाढवू नका. बेत ठरवण्याआधी ग्रुपमधल्या सगळ्यात कमी पैसे असलेल्या मित्राला एकट्याला गाठून विचारा, ‘तुला जमेल ना?’ त्याला जमेल तोच बेत पक्का करा.