संकलित चित्रफितीतील ध्वनिदोष

कोलकात्याच्या दक्षिण भागात बेहाला ही मोठी वस्ती आहे. तेथील बडिशा या भागात सावर्ण राय चौधुरी घराण्याची दुर्गापूजा १६१० सालापासून चालत आली आहे, असे मानतात. कोलकात्याच्या दुर्गापूजेचा समावेश युनेस्कोने २०२१ साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. पूजेच्या दिवसांत ढाक हे मोठे चर्मवाद्य काठ्यांनी वाजविले जाते, आणि हा सोहळा आता कोणालाही खिशातील मोबाइलने टिपता येतो. परंतु संगणकावर संकलन करून तयार फाइल एक्स्पोर्ट केली की कित्येकदा निराशा पदरी येते. मध्येच टक्‌टक् असा आवाज येतो, ढाकाचा नाद फाटतो, किंवा बोलणाऱ्याचे ओठ पुढे जातात आणि शब्द मागे राहतात. विसर्जन झालेली मूर्ती पुन्हा मंडपात येत नाही. म्हणून दोष कोठे उत्पन्न झाला हे शोधण्याची रीत जाणून घेणे अगत्याचे आहे.

हा प्रश्न नवा नाही. बेहालाच्या पूर्वेस टॉलीगंज आहे. तेथे १९३१ साली न्यू थिएटर्स ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या १९३५ सालच्या ‘भाग्यचक्र’ या बोलपटात पार्श्वगायनाचा उपयोग केला गेला. त्या काळापासून चित्र आणि ध्वनी यांची वेगवेगळी नोंद करून पुढे त्यांचा मेळ घालावा लागे. ३५ मिलिमीटर फितीवर ध्वनीची पट्टी चित्राशेजारीच छापलेली असे आणि तिच्यावरून प्रकाशाचा किरण जाई. फीत कापून जोडली की जोडावरून जाताना प्रकाश एकाएकी बदले आणि ‘टक्’ असा आवाज होई. त्यावर उपाय म्हणून जोडावर निमुळत्या आकाराचा अपारदर्शक ठिपका देत. प्रकाश हळूहळू कमी होऊन हळूहळू वाढला की आवाज नाहीसा होई.

आजचा ध्वनी फितीवर नसून आकड्यांत असतो. ध्वनिलहरीची उंची दर सेकंदाला हजारो वेळा मोजून ते आकडे साठवितात. प्रत्येक मापनास ‘नमुना’ म्हणतात. चित्रफितीसाठी सामान्यतः सेकंदाला ४८,००० नमुने घेतात. संगीताच्या सीडीवर ४४,१०० असतात. १६ बिटांच्या पद्धतीत प्रत्येक नमुन्याला ६५,५३६ पैकी एक किंमत मिळते. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे तिन्ही दोषांचा उलगडा होतो.

पहिला दोष टक्‌टक् आवाजाचा. ज्या जागी दोन तुकडे जोडले, तेथे एक लहर शिखरावर आणि दुसरी खोलात असेल, तर आकडा एकदम उडी घेतो. कानाला ती उडी ‘टक्’ अशी ऐकू येते. उपाय जुनाच आहे: पहिला तुकडा मंद करीत न्यावा आणि दुसरा हळूहळू चढवावा. त्यास १० मिलिसेकंद, म्हणजे ४८० नमुने, बहुधा पुरतात.

दुसरा दोष फाटलेल्या आवाजाचा. आकड्यांना वरची मर्यादा असते. ढाकाचा नाद आणि निवेदन स्वतंत्रपणे मर्यादेत असले तरी दोहोंची बेरीज तिच्याबाहेर जाऊ शकते. मग लहरीची शिखरे छाटली जातात. संकलनाच्या वेळी छाट झाली असेल, तर पातळी उतरवून फाइल पुन्हा काढावी. मुद्रणाच्या वेळीच शिखरे छाटली गेली असतील, तर मूळ लहर पूर्णपणे परत मिळत नाही.

तिसरा दोष ओठ आणि शब्द यांच्या फारकतीचा. सेकंदाला ४८,००० या मापाने घेतलेले नमुने चुकून ४४,१०० च्या गतीने वाजविले, तर १० मिनिटांचा ध्वनी सुमारे १० मिनिटे ५३ सेकंद चालेल आणि स्वरही खाली उतरेल. मोबाइलच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते. अनेक मोबाइल प्रकाशमानानुसार सेकंदातील चित्रांची संख्या कमीजास्त करतात. संकलनाच्या प्रणालीने ती स्थिर धरली, तर अंतर वाढत जाते. म्हणून संकलनापूर्वी मूळ चित्रण स्थिर चित्रसंख्येच्या फाइलमध्ये रूपांतरित करावे आणि प्रकल्पाची नमुनासंख्या मुद्रणाशी जुळवून घ्यावी.

दोष शोधताना क्रम सोडू नये. प्रथम मूळ मुद्रण स्वतंत्रपणे ऐकावे. दोष तेथेच असेल, तर एक्स्पोर्टला बोल लावणे व्यर्थ होय. मूळ मुद्रण निर्दोष असल्यास कोणताही बदल न करता फाइल दुसऱ्यांदा काढावी. दोष त्याच क्षणी पुन्हा आला, तर तो जोडात, पातळीत किंवा मांडणीत आहे. त्याची जागा बदलली, तर संशय यंत्रावर घ्यावा: स्मृती अपुरी पडते काय, डिस्क भरली आहे काय, ध्वनीवर संस्कार करणारी एखादी जोड-प्रणाली अडखळते काय, हे पाहावे. त्यानंतर केवळ ध्वनी ‘वेव्ह’ या असंक्षिप्त स्वरूपात काढावा. तो स्वच्छ असून चित्रफितीतला आवाज बिघडलेला असेल, तर दोष संक्षेपाच्या टप्प्यात आहे. तेथे पातळी किंचित कमी ठेवावी व संक्षेप सौम्य करावा. अखेरीस तयार फाइल दुसऱ्या उपकरणावर वाजवून पाहावी, कारण कधी कधी फाइल निर्दोष असून वाजविणारे यंत्रच अडखळत असते.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेतील नियम येथेही लागू पडतो. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष जाईल, पण कारण कळणार नाही आणि पुढच्या वर्षी तोच दोष पुन्हा दारात उभा राहील. मूळ मुद्रणाची प्रत मात्र पुसू नये. संकलन शंभरदा करता येते. ढाकाचा तो नाद एकदाच उमटलेला असतो.