पत्तेमोजणी (ब्लॅकजॅक)

पत्तेमोजणी हे ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात वापरले जाणारे एक गणिती तंत्र आहे. वाटून झालेल्या पत्त्यांचा मनातल्या मनात हिशेब ठेवून, उरलेल्या पत्त्यांत मोठे पत्ते अधिक आहेत की लहान याचा अंदाज बांधणे आणि त्यानुसार पैज कमी-जास्त करणे, हे या तंत्राचे सार होय. त्यामुळे पुढचा पत्ता कोणता येईल हे कळत नाही. खेळ त्या क्षणी खेळाडूच्या बाजूने झुकला आहे की कॅसिनोच्या, एवढेच कळते. अमेरिकन गणितज्ञ एडवर्ड ओ. थॉर्प यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी या तंत्राचा गणिती पाया घातला. कुशल खेळाडूलाही यातून मिळणारा फायदा साधारणतः पैजेच्या शेकडा एक-दीडच्या आसपास असतो. त्यामुळे पुरेसे भांडवल, दीर्घ सराव आणि शिस्त यांच्या अभावी हे तंत्र जाणणारा खेळाडूही तोट्यात जाऊ शकतो.

खेळाचे स्वरूप

ब्लॅकजॅकमध्ये प्रत्येक खेळाडूचा सामना कॅसिनोच्या वतीने पत्ते वाटणाऱ्या डीलरशी असतो. हातातील पत्त्यांची बेरीज २१ च्या शक्य तितकी जवळ नेणे, पण २१ ओलांडू न देणे, हे खेळाचे उद्दिष्ट आहे. राजा, राणी व गुलाम यांची किंमत १० धरतात, तर एक्का सोयीनुसार १ किंवा ११ मानला जातो. पहिल्याच दोन पत्त्यांत एक्का आणि १० किमतीचा पत्ता आल्यास त्याला 'ब्लॅकजॅक' म्हणतात व पारंपरिक नियमानुसार त्यावर पैजेच्या दीडपट रक्कम मिळते. खेळाडूला आणखी पत्ता घेणे, थांबणे, पैज दुप्पट करणे किंवा समान पत्त्यांची जोडी फोडून दोन स्वतंत्र हात खेळणे असे पर्याय असतात. डीलरला मात्र निवड नसते. बेरीज १६ किंवा त्याहून कमी असेल तर त्याला पत्ता घ्यावाच लागतो आणि १७ झाल्यावर सर्वसाधारणपणे थांबावे लागते.

कॅसिनोची आघाडी

कॅसिनोचा फायदा एका साध्या नियमात दडलेला आहे. खेळाडू डीलरच्या आधी खेळतो आणि त्याची बेरीज २१ च्या पुढे गेली की त्याची पैज लगेच जाते. पुढे डीलरचीही बेरीज २१ ओलांडून गेली तरी ती परत मिळत नाही. प्रत्येक परिस्थितीत गणिताने सर्वोत्तम ठरलेली चाल खेळणे, म्हणजेच 'मूलभूत रणनीती' पाळणे, यामुळे कॅसिनोची आघाडी अनुकूल नियम असलेल्या टेबलावर शेकडा अर्ध्याच्या आसपास येते. केवळ अंदाजाने खेळणाऱ्याच्या बाबतीत ती याच्या कित्येक पट असू शकते.

ही आघाडी खेळाडूने घरून आणलेल्या रकमेवर नव्हे, तर पुन्हापुन्हा लावलेल्या एकूण पैजेवर लागू होते. उदाहरणार्थ, तासाला ६० डाव आणि प्रत्येक डावाला ५०० रुपये या हिशेबाने एका तासात ३०,००० रुपयांची पैज लागते. कॅसिनोची आघाडी शेकडा २ असेल, तर खिशात ५,००० रुपये असोत वा ५०,०००, अपेक्षित तोटा तासाला ६०० रुपये होतो. सुरुवातीच्या दैवयोगाने जिंकलेली रक्कम खेळाडू खेळत राहिल्यास टेबलावरच परत जाते, याचे कारण हेच आहे. पैज वाढवण्याची किंवा थांबण्याची कोणतीही ठरावीक पद्धत, उदाहरणार्थ हरल्यावर पैज दुप्पट करणे, ही आघाडी बदलू शकत नाही. ती बदलायची असेल तर पत्त्यांविषयी नवी माहिती हाती यावी लागते.

गणिती आधार

रूलेच्या चाकाला किंवा फाशांना मागील निकालाची आठवण नसते. आधीच्या दहा फेऱ्यांत लाल रंग आला म्हणून अकराव्या फेरीत काळ्याची शक्यता वाढत नाही; तसे मानणे हा जुगाऱ्यांमध्ये सर्रास आढळणारा भ्रम आहे. ब्लॅकजॅकचे मात्र तसे नाही. वाटलेले पत्ते पुन्हा पिसेपर्यंत खेळात परत येत नाहीत. ५२ पत्त्यांच्या एका कॅटमधून पहिल्या डावात चारही एक्के निघून गेले, तर पुढच्या पिसणीपर्यंत कोणालाही ब्लॅकजॅक मिळणे अशक्य होते. म्हणजेच येथे झालेल्या घटना पुढच्या संभाव्यता खरोखर बदलतात.

उरलेल्या पत्त्यांत एक्के व १० किमतीचे पत्ते अधिक असल्यास खेळाडूचा लाभ होतो. ब्लॅकजॅकची शक्यता दोघांचीही सारखीच वाढते, पण दीडपट रक्कम केवळ खेळाडूला मिळते. १२ ते १६ बेरजेवर खेळाडू थांबू शकतो, डीलरला मात्र पत्ता घ्यावा लागतो आणि मोठा पत्ता येऊन तो २१ च्या पुढे जाण्याची शक्यता वाढते. १० किंवा ११ बेरजेवर पैज दुप्पट करणेही अधिक फलदायी ठरते. याउलट लहान पत्ते शिल्लक असल्यास डीलरची अडचणीची बेरीज सावरली जाते. सर्व पत्त्यांमध्ये पंजी निघून जाणे खेळाडूला सर्वाधिक फायद्याचे असते, तर एक्का निघून जाणे मोठ्या तोट्याचे असते.

हाय-लो पद्धत

मोजणीच्या अनेक पद्धतींपैकी 'हाय-लो' ही सर्वाधिक प्रचलित आहे. हार्वे ड्यूबनर यांनी १९६३ मध्ये ती मांडली. तिच्यात पत्त्यांना पुढीलप्रमाणे गुण देतात :

• २ ते ६ (दुर्री ते छक्की) : अधिक १
• ७, ८ व ९ : शून्य
• १०, गुलाम, राणी, राजा व एक्का : उणे १

उदाहरणार्थ ५, राजा, ३, ६, एक्का, २, ९ आणि ४ असे पत्ते दिसल्यास बेरीज अधिक ३ होते. तिला 'चालू गणना' म्हणतात. एका कॅटमध्ये अधिक गुणांचे २० व उणे गुणांचेही २० पत्ते असल्याने पूर्ण कॅट मोजल्यावर उत्तर शून्य यावे लागते.

कॅसिनोत बहुधा सहा किंवा आठ कॅट एकत्र पिसून 'शू' नावाच्या पेटीत ठेवतात. अशा वेळी चालू गणनेला उरलेल्या कॅटच्या अंदाजे संख्येने भागावे लागते. या भागाकाराला 'खरी गणना' म्हणतात. चालू गणना अधिक ८ असताना चार कॅट उरले असतील तर खरी गणना २, आणि दोनच कॅट उरले असतील तर ४ होते. खऱ्या गणनेतील प्रत्येक एककामागे खेळाडूची स्थिती स्थूलमानाने शेकडा अर्ध्याने सुधारते. म्हणून गणना अधिक १ असताना सामना जवळपास बरोबरीचा असतो, तर अधिक ४ ला खेळाडूची आघाडी शेकडा दीडच्या जवळ जाते. बहुतेक डावांत आघाडी कॅसिनोकडेच असते. त्या वेळी लहान पैज लावून वा न खेळता थांबणे आणि मोजक्या अनुकूल डावांत मोठी पैज लावणे, यावर सारा फायदा अवलंबून असतो.

सराव

शिकण्याची सुरुवात मोजणीने न होता मूलभूत रणनीती पाठ करण्याने होते. चालींत चुका होत राहिल्यास मोजणीतून मिळणारा फायदा त्यातच संपतो. त्यानंतर एक कॅट एकेक पत्ता उलटत मोजण्याचा सराव केला जातो. शेवटी शून्य न आल्यास चूक झाल्याचे लगेच कळते. पुढे पत्ते जोडीने पाहून परस्परांना छेदणारे गुण वगळणे, वाटून झालेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्याकडे पाहून शिल्लक कॅटचा अंदाज घेणे आणि गोंगाटात, संभाषण करतानाही गणना अचूक ठेवणे, असे टप्पे येतात. प्रत्येक पत्ता लक्षात ठेवावा लागत नाही; एकच बदलती संख्या ध्यानात ठेवायची असते. त्यामुळे असामान्य स्मरणशक्तीपेक्षा सातत्यपूर्ण एकाग्रता महत्त्वाची ठरते.

भांडवल व जोखीम

आघाडी खेळाडूकडे असली तरी प्रत्यक्ष निकालांत मोठे चढउतार होतात. एका डावातील निकालाचे प्रमाण विचलन पैजेच्या सुमारे १.१५ पट असते. समजा, एखाद्याने शेकडा १ आघाडीसह १०० रुपयांचे १०,००० डाव खेळले. त्याचा अपेक्षित नफा १०,००० रुपये होईल, पण प्रमाण विचलन ११,५०० रुपये असेल. याचा अर्थ, इतके डाव निर्दोष खेळूनही साधारणतः पाचांपैकी एक खेळाडू तोट्यातच असेल. तासाला ६० डाव धरल्यास १०,००० डावांसाठी १६० हून अधिक तास लागतात.

पैजेचे प्रमाण ठरवण्यासाठी जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडलेले सूत्र वापरले जाते. स्थूलमानाने, आघाडीला निकालांच्या विचरणाने भागून येणारा भांडवलाचा अंश पणाला लावावा, असे ते सांगते. शेकडा १ आघाडी असताना एक लाख रुपयांच्या भांडवलावर ही रक्कम सुमारे ७५० रुपये येते. अनेक खेळाडू सावधगिरी म्हणून त्याच्या निम्मीच पैज लावतात. यापेक्षा बरीच मोठी पैज लावणारा खेळाडू आघाडी असूनही कफल्लक होऊ शकतो. जिंकलेली रक्कम उधळण्याची बक्षिशी न मानता पुढील चढउतार सोसणाऱ्या भांडवलाचा भाग मानणे, हा पत्तेमोजणी करणारा आणि सामान्य जुगारी यांच्यातील महत्त्वाचा फरक होय.

इतिहास

अमेरिकेतील मेरीलँड राज्यातील ॲबरडीन येथील लष्करी चाचणी केंद्रात काम करणारे रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझेल आणि जेम्स मॅकडर्मॉट यांनी साध्या गणनयंत्रांच्या साहाय्याने मूलभूत रणनीती शोधून १९५६ मध्ये ती प्रसिद्ध केली. हा लेख वाचून थॉर्प या विषयाकडे वळले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे असताना त्यांनी आयबीएम ७०४ संगणकावर विशिष्ट पत्ते वगळल्यास आघाडी कशी बदलते याची गणिते केली. त्यांचा शोधनिबंध माहिती सिद्धान्ताचे जनक क्लॉड शॅनन यांच्या मदतीने १९६१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोन धनिकांनी पुरवलेल्या १०,००० डॉलर भांडवलावर थॉर्प यांनी नेव्हाडातील टेबलांवर आपला सिद्धान्त पडताळून पाहिला आणि ते भांडवल दुपटीहून अधिक झाले. १९६२ मध्ये प्रकाशित झालेले त्यांचे 'बीट द डीलर' हे पुस्तक अतिशय लोकप्रिय ठरले.

१९६४ मध्ये लास व्हेगासमधील कॅसिनोंनी खेळाचे नियम कडक केले; परंतु सामान्य ग्राहकांनी पाठ फिरवल्याने काही आठवड्यांतच ते मागे घ्यावे लागले. पुस्तक वाचून अर्धवट मोजणी करणारे बहुसंख्य खेळाडू हरतच होते, त्यामुळे कॅसिनोंचा व्यवसाय उलट वाढला. १९७० च्या दशकात अल फ्रान्सेस्को यांनी सांघिक पद्धत विकसित केली. तिच्यात काही सदस्य लहान पैजा लावून गणना ठेवत आणि टेबल अनुकूल होताच खुणेने बोलावलेला दुसरा सदस्य मोठी पैज लावे. १९८० पासून बिल कॅप्लन यांच्या व्यवस्थापनाखाली एमआयटीच्या विद्यार्थ्यांच्या संघाने गुंतवणूकदारांच्या भांडवलावर हे तंत्र व्यावसायिक शिस्तीने राबवले. संघाच्या पैशाने खेळण्यापूर्वी सदस्यांना अचूकतेची परीक्षा द्यावी लागे.

कॅसिनोंचे प्रतिउपाय

पत्तेमोजणी निष्प्रभ करण्यासाठी कॅसिनो अधिक कॅट वापरतात, पेटी अर्धी रिकामी होताच पुन्हा पिसतात किंवा सतत पिसणारी यंत्रे बसवतात. ब्लॅकजॅकवर दीडपटीऐवजी ६ : ५ या प्रमाणात रक्कम दिल्यास कॅसिनोची आघाडी शेकडा सुमारे १.४ ने वाढते; केवळ या बदलाने मोजणीचा बहुतेक फायदा नाहीसा होतो. पैजेतील अचानक चढउतार कॅमेऱ्यांद्वारे टिपले जातात. प्रत्येक डावानंतर पत्ते नव्याने पिसणाऱ्या संगणकीय खेळांत मोजणीचा काहीच उपयोग नसतो.

कायदेशीर स्थिती

केवळ बुद्धीच्या बळावर पत्ते मोजणे अमेरिकेत गुन्हा नाही. मात्र नेव्हाडात कॅसिनो आपली खासगी जागा असल्याच्या आधारे अशा खेळाडूस बाहेर काढू शकतात. न्यू जर्सीत केन उस्टन यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये वेगळा निर्णय दिला. मोजणी करतो म्हणून खेळाडूला प्रवेश नाकारण्याचा अधिकार कॅसिनोला स्वतःहून नाही, असे त्यात ठरले. मोजणीसाठी उपकरण वापरणे नेव्हाडात १९८५ पासून गुन्हा आहे.

भारतात जुगार हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांमुळे परवानाधारक कॅसिनो चालतात. पणजीजवळ मांडवी नदीतील जहाजांवर ब्लॅकजॅकही खेळला जातो. महाराष्ट्रात कॅसिनोविषयक कायदा १९७६ मध्ये संमत झाला होता, पण तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला.

लोकप्रिय संस्कृतीत

'रेन मॅन' (१९८८) या चित्रपटातील अलौकिक स्मरणशक्तीच्या नायकामुळे पत्तेमोजणी ही दैवी देणगी असल्याचा समज रूढ झाला. एमआयटी संघावर आधारित बेन मेझरिक यांचे 'ब्रिंगिंग डाउन द हाउस' (२००२) हे पुस्तक आणि त्यावरून निघालेला '२१' (२००८) हा चित्रपट यांत वास्तवाला कल्पिताची बरीच जोड दिलेली आहे. थॉर्प स्वतः पुढे शेअर बाजाराकडे वळले आणि लहान आघाडी, मोजकी पैज व दीर्घ काळ ही ब्लॅकजॅकमधील तत्त्वेच त्यांनी गुंतवणुकीत वापरली.