महाविद्यालयीन खेळाडू आणि सट्टा : अमेरिकेतील नियम काय सांगतो?

अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडाविश्वात २०२५ च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत एक लक्षणीय घडामोड झाली. तेथील सुमारे ११०० महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या क्रीडास्पर्धांचे नियमन 'एनसीएए' ही संस्था करते. या संस्थेच्या समित्यांनी, खेळाडूंना व्यावसायिक सामन्यांवर सट्टा लावण्याची मुभा द्यावी, असा निर्णय ऑक्टोबरमध्ये घेतला. परंतु तो अमलात येण्यापूर्वीच पहिल्या श्रेणीतील दोन तृतीयांशांहून अधिक सभासद संस्थांनी त्याविरुद्ध मत नोंदविले आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी तो रद्दबातल ठरला. जुनी बंदी कायम राहिली.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांची मुले आज परदेशात शिकत आहेत आणि सट्ट्याचे मोह आता मोबाइलवाटे घरोघरी पोचले आहेत. म्हणून हा नियम नेमका काय आहे व तो का केला गेला, हे समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नियमाचे स्वरूप

एनसीएए ज्या खेळांच्या अजिंक्यपद स्पर्धा भरविते, त्यांपैकी कोणत्याही खेळावर महाविद्यालयीन खेळाडूने पैज लावता कामा नये, असा हा नियम आहे. सामना हौशी असो, महाविद्यालयीन असो वा व्यावसायिक, बंदी सर्वांना सारखीच लागू आहे. प्रशिक्षक आणि क्रीडा विभागातील कर्मचारी यांच्यावरही ती बंधनकारक आहे.

पैज म्हणजे केवळ रोख रक्कम नव्हे. एखादा सदरा किंवा मित्राला द्यावयाचे जेवण पणाला लावले, तरी ती पैजच होय. मार्च महिन्यात होणाऱ्या बास्केटबॉल स्पर्धेच्या वेळी वर्गणी काढून निकालांचे अंदाज बांधण्याची तेथे मोठी प्रथा आहे. खेळाडूला त्यातही सहभागी होता येत नाही. आपल्या वतीने दुसऱ्याला पैज लावावयास सांगणेही निषिद्ध आहे. घोड्यांच्या शर्यती किंवा क्रिकेट यांची अजिंक्यपद स्पर्धा एनसीएए घेत नसल्यामुळे ते या नियमाच्या कक्षेबाहेर राहतात. अर्थात, त्या त्या राज्याचा कायदा तेथेही लागू असतोच.

या नियमाचा दुसरा भाग अधिक सूक्ष्म आहे. सट्टा खेळणाऱ्यास संघातील आतली माहिती पुरविणे हाही गुन्हाच मानला जातो. कोणाचा गुडघा दुखावला आहे, उद्या कोण खेळणार नाही, ही माहिती सट्टेबाजाच्या दृष्टीने सोन्याच्या मोलाची असते. २०२३ साली अलाबामा विद्यापीठाच्या बेसबॉल प्रशिक्षकाने आपला मुख्य गोलंदाज खेळणार नाही, ही खबर सामन्यापूर्वी एका पैज लावणाऱ्यास दिली. प्रकरण उघडकीस येताच त्यांना पदावरून दूर करण्यात आले. खोलीतल्या मित्राशी सहज बोलताना एखादा विद्यार्थी हीच चूक नकळत करू शकतो, हे ध्यानात घ्यावयास हवे.

जो खेळाडू स्वतःच्या सामन्यावर पैज लावतो किंवा निकालात फेरफार करण्यास हातभार लावतो, त्याचा खेळण्याचा हक्क कायमचा जाऊ शकतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील दोन विद्यापीठांच्या तीन बास्केटबॉलपटूंच्या वाट्याला हीच शिक्षा आली. इतर पैजांच्या बाबतीत रक्कम किती होती ते पाहून शिक्षण, समज किंवा काही सामन्यांचे निलंबन अशी चढती शिक्षा दिली जाते.

जिंकूनही फसवणूक

ज्याने हरण्यासाठी पैसे घेतले तो अपराधी, एवढे सर्वांनाच कळते. बास्केटबॉलमधील लबाडी मात्र याहून धूर्त आहे. तेथे बुकी विजयातील गुणांचे अंतर ठरवितो. समजा, बलाढ्य संघ दहा गुणांनी जिंकेल असा त्याचा अंदाज आहे. तो संघ सहाच गुणांनी जिंकला, तर दुबळ्या संघावर पैसे लावणाऱ्याची पैज सफल होते. मग सट्टेबाज खेळाडूला सांगतो, 'तुम्ही जिंका, फक्त थोडक्यात जिंका.' खेळाडूलाही वाटते, संघ तर जिंकलाच, मग कोणाचे काय बिघडले? दोन चेंडू मुद्दाम चुकविले की काम होते. या प्रकाराला तेथे 'पॉइंट शेव्हिंग' म्हणतात.

अलीकडे यात आणखी एक भर पडली आहे. एखादा विशिष्ट खेळाडू किती गुण करील, यावरच पैज लावली जाते. अशा वेळी एकट्या खेळाडूला फितविले की पुरे. २०१३ च्या आयपीएलमुळे 'स्पॉट फिक्सिंग' हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोचला. त्याच जातीचा हा रोग आहे. महाविद्यालयीन खेळाडूंवरील अशा पैजा बंद कराव्यात, असे आवाहन एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी मार्च २०२४ मध्ये केले आणि ओहायो, मेरीलँड आदी काही राज्यांनी तशी बंदी घातलीही.

इतिहासाची साक्ष

कॅथलिक संस्थाही या रोगापासून मुक्त राहिल्या नाहीत. जेज्विट संघाच्या बॉस्टन कॉलेजमध्ये १९७८-७९ च्या हंगामात काही खेळाडू सट्टेबाजांच्या जाळ्यात सापडले. त्यांतील एक १९८१ साली न्यायालयात दोषी ठरला आणि त्याला दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावण्यात आली. ती पुढे कमी करण्यात आली.

परंतु एका कॅथलिक महाविद्यालयातूनच सचोटीचे एक तेजस्वी उदाहरणही पुढे आले. ज्युनियस केलॉग हा न्यू यॉर्कमधील मॅनहॅटन कॉलेजच्या बास्केटबॉल संघातील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. हे महाविद्यालय डी ला साल बंधूंनी स्थापन केलेले. जानेवारी १९५१ मध्ये त्याच्याच संघातील एका माजी खेळाडूने त्याच्यापुढे १००० डॉलर्सची लाच ठेवली. गरिबीतून आलेल्या त्या तरुणाला ही रक्कम थोडी नव्हती. तरीही त्याने ती नाकारली आणि सारी हकिगत आपल्या प्रशिक्षकांच्या कानी घातली. त्यांनी त्याला सरकारी वकिलांकडे पाठविले. त्यातून जो तपास सुरू झाला, त्यात सात महाविद्यालयांतील तीसहून अधिक खेळाडूंची नावे बाहेर आली. १९५४ साली मोटार अपघातात केलॉगचे शरीर लुळे पडले. तरीही पुढे तो चाकाच्या खुर्चीवरून खेळणाऱ्या बास्केटबॉल संघाचा मार्गदर्शक झाला.

मुभा की बंदी?

१९९२ च्या एका केंद्रीय कायद्यामुळे अमेरिकेतील बहुतेक राज्यांत क्रीडा सट्ट्याला मज्जाव होता. १४ मे २०१८ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. तेव्हापासून पस्तीसहून अधिक राज्यांनी सट्टा कायदेशीर केला आहे. १८ ते २२ वर्षे वयोगटातील ५८ टक्के तरुणांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात क्रीडा सट्टा खेळल्याचे एनसीएएच्या २०२३ च्या पाहणीत आढळले.

मुभा मागणाऱ्यांचा युक्तिवाद विचारात घेण्याजोगा आहे. वर्गातल्या इतर सज्ञान विद्यार्थ्यांना जे कायद्याने खुले आहे, ते खेळाडूलाच का बंद असावे? शिक्षेच्या भीतीने तो आपले व्यसन लपवितो, मदत मागत नाही. म्हणून केवळ महाविद्यालयीन सामन्यांचे पावित्र्य जपण्यावर भर द्यावा, असे ते म्हणतात. या म्हणण्यात तथ्यांश आहे. तथापि, विरोधकांचा मुद्दा आम्हांस अधिक वजनदार वाटतो. व्यावसायिक सामन्यावर पैसे हरलेला तरुण कर्जबाजारी होतो, आणि कर्जबाजारी खेळाडूच्या दारी सट्टेबाज हमखास येतो. जानेवारी २०२६ मध्ये फिलाडेल्फिया येथे वीसहून अधिक जणांवर महाविद्यालयीन बास्केटबॉल सामन्यांत फेरफार केल्याचे आरोप ठेवण्यात आले. आरोप सिद्ध होणे हे न्यायालयाचे काम. पण धोका काल्पनिक नाही, एवढे त्यावरून दिसते.

ख्रिस्तसभेची शिकवण

कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. २४१३) पैज वा नशिबाचा खेळ यांना मुळातच अन्यायकारक ठरवीत नाही. मात्र स्वतःच्या व इतरांच्या गरजांसाठी आवश्यक असलेला पैसा त्यात जाऊ लागला, की ते नैतिकदृष्ट्या अमान्य होते. जुगाराची ओढ माणसाला गुलाम करू शकते, असा इशाराही तेथे आहे. खेळातील लबाडी ही तर गंभीर बाब मानली आहे. त्यातून झालेले नुकसान अगदीच क्षुल्लक असेल, तेवढाच अपवाद. सहखेळाडूंचे कष्ट आणि प्रेक्षकांचा विश्वास विकणे क्षुल्लक कसे म्हणावे?

आपल्या देशात पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. परंतु कायदा दारापर्यंतच येतो. घरात आईवडिलांनाच बोलावे लागते. मुलगा वा मुलगी अमेरिकेत शिकावयास व खेळावयास जात असेल, तर महाविद्यालयाचा नियम लेखी मागून घ्यावा, संघातील गोष्टी संघातच ठेवण्यास सांगावे, आणि कोणी पैसे देऊ केलेच तर त्याच दिवशी प्रशिक्षकांना कळवावे, असे बजावून पाठवावे. पाऊल चुकले असेल, तर घरी सांगण्याची वाट मात्र खुली ठेवावी. केलॉगला विश्वासाने बोलता येईल असा एक प्रशिक्षक लाभला होता. आपल्या तरुणांनाही असे वडीलधारे माणूस घरात आणि धर्मग्रामात मिळावयास हवे.